सामन्याच्या दिवशी बागेचं काय? सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टेडियमच्या भिंतीला लागून बाग असणं हे आमच्या वॉर्डाचं भाग्य, आणि फायनलच्या दिवशीची डोकेदुखीही. आम्ही पहाटे इथं फिरायला येणारी दहा-बारा माणसं. कुठल्या खात्याची नाही, कुठल्या पक्षाची नाही. बाकावर, टपरीवर आणि व्हॉट्सॲपवर लोक तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. लिहिणारा मी एकटा आहे, त्यामुळे मतं कुणाला टोचली तर मला धरा, बाकीच्यांना नको.

सामन्याचा दिवस म्हणजे नक्की कुठला?

दिवाळी आटोपली की टेनिस बॉलचे चषक सुरू होतात ते मेपर्यंत. मध्ये मॅटवरची कबड्डी, खो-खो, शाळांच्या स्पर्धा, एखादं कुस्तीचं मैदान. यातल्या बहुतेक दिवसांचा बागेला काही त्रास नाही. साखळी सामन्याला दोनशे माणसं येतात आणि घरी जातात. त्रासाचे दिवस वर्षातून फार तर सात-आठ. कबड्डीची फायनल, दिवस-रात्र क्रिकेटचा शेवटचा दिवस, नाहीतर नामवंत पैलवानांच्या जोडीची कुस्ती. ओळखायचं कसं? दुपारी चारला स्टेडियमच्या पायऱ्या भरलेल्या दिसल्या की उरलेली सगळी माणसं बागेत येणार हे धरून चालायचं.

इतक्या लोकांना बागेत येऊ का देता? सरळ कुलूप लावा की.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणारे बहुतेक आमच्यातलेच, म्हणजे सकाळी फिरणारे असतात. दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होतो.

बाग बंद केली म्हणून माणसं कमी होत नाहीत. ती रस्त्यावर उभी राहतात. आपल्या स्टेडियमसमोरचा रस्ता किती रुंद आहे ते तुम्हाला माहीत आहे. एका बाजूला गाडे, दुसऱ्या बाजूला दुचाकी, आणि मधून जायला राहिलेली जागा एका रिक्षापुरती. तिथं दोन-तीन हजार माणसं कोंडली तर काय होईल?

बेंगळुरूचं चिन्नास्वामी स्टेडियम कब्बन पार्कला अगदी खेटून आहे. 4 जून 2025 ला तिथं आयपीएल जिंकल्याचा जल्लोष ठेवला होता. स्टेडियमची क्षमता सुमारे 35 हजार, बाहेर जमलेले त्याच्या कितीतरी पट. गेटांपाशी चेंगराचेंगरी झाली आणि 11 जण गेले. एवढं लांब तरी कशाला जायचं, आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला मांढरदेव आठवा. 25 जानेवारी 2005, शाकंभरी पौर्णिमा. अरुंद चढ, दोन्ही बाजूंना दुकानं, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, वरून आग. तीनशेच्या आसपास माणसं गेली. आमच्या गल्लीतून दरवर्षी काळूबाईला जाणारी माणसं आहेत, त्यांना हे सांगावं लागत नाही. दोन्ही ठिकाणी माणसांना पुढे सरकायला वाट नव्हती आणि मागे फिरायलाही नव्हती.

म्हणून आमचं म्हणणं असं की सामन्याच्या दिवशी बाग उघडीच हवी. पण उघडी ठेवणं म्हणजे मोकाट सोडणं नव्हे. खालची सगळी उत्तरं त्याचीच आहेत.

किती माणसं मावतात हो बागेत?

मावणं वेगळं आणि बाहेर पडता येणं वेगळं. आधी मावण्याचं बघू. उभ्या गर्दीत एका चौरस मीटरला दोन माणसं असली तर सगळे निवांत असतात. चार झाली की खांद्याला खांदा लागतो. पाचच्या पुढे माणूस आपल्या पायाने चालत नाही, गर्दी त्याला नेईल तिकडे जातो. आपलं मोठं लॉन साधारण 30 बाय 40 मीटर, म्हणजे 1,200 चौरस मीटर. त्यावर अडीच हजार माणसं सुखाने उभी राहतील. हे वाचून उद्यान विभागातल्या कुणाला घाम फुटेल, पण ते मावतात एवढंच मी म्हणतोय. लॉनवर उभं करावं असं म्हणत नाही.

आता बाहेर पडणं. सपाट वाटेवर, ढकलाढकली नसताना, एक मीटर रुंदीच्या गेटमधून मिनिटाला साधारण 80 माणसं जातात. आपल्या बागेला रस्त्याच्या बाजूला जे फिरतं गेट आहे ते गुरं आणि मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून लावलेलं. त्यातून एका वेळी एकच माणूस जातो. ते पाऊण मीटरचं धरलं तरी मिनिटाला 60. पाच हजार माणसं सामना सुटल्यावर बागेतून रस्त्याकडे निघाली तर त्यांना 83 मिनिटं लागतील. कोण थांबतंय 83 मिनिटं? मग पोरं कुंपणावरून उड्या मारतात, मेंदीचं कुंपण तुडवलं जातं, तारा वाकतात, आणि दुसऱ्या दिवशी आपण म्हणतो, काय ही आजची पिढी!

शेजारचं चार मीटरचं मोठं फाटक उघडलं तर मिनिटाला 320. पाच हजारांना पंधरा-सोळा मिनिटं. त्या फाटकाला वर्षभर कुलूप असतं. बागेचं निम्मं नुकसान त्या कुलपामुळे होतं असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

लॉनवर चालल्याने असं काय बिघडतं? गवतच तर आहे.

शेतकऱ्याच्या घरातला माणूस हा प्रश्न विचारत नाही. वापसा आल्याशिवाय रानात पाय घालू नये हे आपल्याकडे पोराला चालायला येण्याआधी कळतं. लॉनखालची माती तीच आहे, कृष्णाकाठची काळी. कोरडी असताना तिच्यावर शंभर माणसं नाचली तरी गवत थोडं पिवळं पडून पुन्हा उठतं. ओली असताना मात्र प्रत्येक पाऊल मातीतली हवेची भोकं बुजवतं. वाळली की तिची वीट होते. पाणी वरच साचतं, मुळं गुदमरतात, आणि दोन महिन्यांनी तिथं हरळीसुद्धा धरत नाही, नुसता गाजर गवताचा पट्टा.

त्यामुळे खरा उपाय माणसं अडवण्याचा नाही, पाणी थांबवण्याचा आहे. मोठ्या सामन्याआधी तीन-चार दिवस लॉनला पाणी बंद. माळीमामा ते करायला तयार असतात, पण त्यांना सामना कधी आहे हे कुणी सांगतच नाही. फायनलच्या सकाळी ते नेमाने पाइप लावतात आणि संध्याकाळी अडीच हजार लोक त्या चिखलात उभे. ओळखायला सोपी रीत म्हणजे मूठभर माती घेऊन दाबायची. लाडू वळला तर दोरी बांधा आणि लॉन बंद ठेवा. भुगा झाला तर लोकांना बसू द्या.

नंतर काय करायचं तेही सांगतो. लगेच पाणी मारू नका. आधी लोखंडी पंजाने किंवा पहारेने वीतभर अंतरावर भोकं पाडा, चाळलेलं शेणखत पसरा, मग हलकं पाणी. आठ-दहा दिवस दोरी काढू नका. गवत कापूही नका, वाढू द्या.

आणि झाडं? माणसांनी झाडाला काय होणार?

माणसांनी फारसं नाही, गाड्यांनी होतं. झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं वरच्या हात-दीड हात मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. सावली बघून त्यांच्यावर चारचाकी लावली की काम तमाम. झाड त्या दिवशी मरत नाही. तीन वर्षांनी वळवाच्या वाऱ्यात आडवं होतं आणि पेपरात वाऱ्याचं नाव येतं. गुलमोहोराची मुळं मुळातच उथळ, त्यामुळे तो सर्वांत आधी जातो.

दुसरा छळ खिळ्यांचा. चषकाचा फ्लेक्स लावायला झाडाएवढा स्वस्त खांब नाही. खिळा ठोकणं, हॅलोजन बांधणं, वायर गुंडाळून तशीच सोडून देणं, हे दिसलं की फोटो काढून वृक्ष प्राधिकरणाकडे द्या. राज्याचा झाडांचा कायदा 1975 चा आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांच्या पुढच्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण आहे. संस्थानकाळात लावलेल्या आमराईत आजही सांगलीकर सावलीला जातात. आपल्या बागेतलं वडाचं झाडही 50 च्या बरंच पुढचं आहे, वडीलधाऱ्यांना विचारा.

गाडी कुठं लावू?

बागेत नाही. बागेच्या फुटपाथवरही नाही. दोन किलोमीटरच्या आत राहत असाल तर चालत या. सामना सुटल्यावर गाडी काढायला लागणारा वेळ धरला तर चालणारा आधी घरी पोहोचतो, मी घड्याळ लावून बघितलंय. मोठ्या फाटकासमोर गाडी लावणाऱ्याला मात्र माफी नाही. ती अँब्युलन्सची वाट आहे.

मुतारीचं काय? लाज वाटते लिहायला, पण भिंतीकडून जाववत नाही.

लाज वाटून घेऊ नका, हाच सगळ्यात मोठा प्रश्न आहे आणि लाजेपायीच तो सुटत नाही. बागेत एक स्वच्छतागृह आहे, पुरुषांसाठी दोन भांडी, बायकांसाठी एक, आणि त्याला बहुतेक वेळा कुलूप. चार तासांचा सामना, चहा, सोडा, पाण्याच्या बाटल्या. माणूस करणार काय? भिंतीवर देवांच्या टाइल्स लावून झाल्या. लोक टाइल सोडून चार हात पुढे सरकले. देवाला पहारेकरी नेमण्यापेक्षा चार फिरती शौचालयं आणणं बरं.

बायकांसाठी तर हे तातडीचं आहे. आधी सामन्यांना बायका यायच्याच कमी, म्हणून कुणाला प्रश्न दिसला नाही. आता चित्र बदललंय. मार्च 2023 मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी आपल्या जिल्ह्यात झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा नेली. 2 नोव्हेंबर 2025 ला महिला क्रिकेट संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा उपकर्णधार स्मृती मानधना होती, सांगलीत वाढलेली. आता बाप पोरींना खांद्यावर घेऊन मैदानात येतात, आज्या नातींना घेऊन येतात. आणि मध्यंतरात त्याच पोरी आईचा हात धरून आमच्या सोसायटीत येऊन विचारतात, “काकू, जरा बाथरूमला जाऊ का?” काकू नाही म्हणत नाहीत. पण ही व्यवस्था काकूंच्या चांगुलपणावर किती दिवस चालवायची?

आयोजकाने परवानगी मागताना फिरत्या शौचालयांची संख्या लिहून द्यावी, त्यात निम्मी बायकांची असावीत, पाण्याचा टँकर आणि दिवा यांच्यासकट. अंधारातल्या शौचालयात कुणी पोरीला पाठवत नाही. ती बागेत उभी करायची नाहीत, टँकर आणि उपसायची गाडी जाऊ शकेल अशा रस्त्याकडेच्या पट्ट्यावर करायची. भिंतीलगत पडायचं ते पडल्यावर पाणी भरपूर मारा, नुसती फक्की टाकून वास झाकू नका.

कचरा कोण उचलतं? आणि कोणी उचलायला पाहिजे?

उचलतात सफाई कामगार, दुसऱ्या दिवशी पहाटे, जादा पैशांशिवाय. उचलायला पाहिजे आयोजकाने. घनकचरा नियमांत आहे की शंभरापेक्षा जास्त माणसं जमणार असतील तर स्थानिक संस्थेला किमान तीन कामाचे दिवस आधी कळवायचं, आणि ओला-सुका वेगळा करून द्यायची जबाबदारी आयोजकाची. चषकाच्या बक्षिसाला लाखभर रुपये असतात, झाडूवाल्या मावशींना हजार नसतात, हे मला पटत नाही. परवानगीच्या वेळीच अनामत घ्यावी आणि बाग तपासून परत द्यावी.

आपल्या कचऱ्याची जात मात्र अस्सल सांगलीची असते. भडंगाच्या पुड्या, शेंगांची टरफलं, उसाची चिपाडं. टरफलं आणि चिपाडं कुजतात, त्यांचं खत होतं. पुडीचं होत नाही. थर्माकोलच्या प्लेटी आणि प्लास्टिकचे कप तर राज्यात 2018 पासून बंद आहेत आणि पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड आहे. तरी ते येतातच.

डबे ठेवताना एक चूक नेहमी होते. ते बागेच्या मधोमध, शोभेला ठेवतात. माणूस खाता खाता चालतो आणि गेटपाशी हात मोकळा करतो. डबा तिथं पाहिजे, गेटच्या दोन्ही अंगाला, झाकण नसलेला, मोठा. आणि झाडलोट त्याच रात्री, सामना सुटल्यावर तासाभरात. पहाटेपर्यंत थांबलात तर कुत्री आणि डुकरं एका ढिगाचे चाळीस ढीग करतात.

भेळवाल्यांना हाकलून द्यायचं का?

नाही. तेच खरे या बागेचे राखणदार. रोजचे सहा-सात गाडे इथं पंधरा-वीस वर्षं आहेत, त्यांना बागेतला प्रत्येक चेहरा माहीत आहे, हरवलेलं पोर पहिल्यांदा त्यांच्यापाशी येऊन रडतं. 2014 चा फेरीवाल्यांचा कायदाही त्यांच्या बाजूने आहे. त्रास होतो तो फक्त सामन्याच्या दिवशी उगवणाऱ्या गाड्यांचा, जे वाट अडवतात आणि सिलिंडर गर्दीच्या मधोमध पेटवतात. मांढरदेवला दुकानांच्या आगीने काय केलं ते वर लिहिलंच आहे. शेगडी आणि सिलिंडर बागेच्या बाहेरच्या कडेला, गेटपासून पंधरा-वीस पावलं दूर. मग रोजचा असो की नवा.

रात्री अकरापर्यंत स्पीकर. तक्रार कुठं करायची?

112. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. सरकार वर्षातले ठरावीक 15 दिवस ही वेळ बारापर्यंत वाढवू शकतं, पण ते सणावारासाठी असतात, कुणाच्या चषकासाठी नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. दवाखाना, शाळा किंवा न्यायालय शंभर मीटरच्या आत असेल तर आणखी कमी. दहाच्या आतला आवाज मात्र थोडा सोसा. कबड्डी मुक्याने होत नाही.

वळीव आला तर?

एप्रिल-मेमध्ये हा प्रश्न थट्टेचा नाही. साताऱ्यात महाराष्ट्र केसरी झाली ती 2022 च्या एप्रिलमध्येच, आणि आपले बहुतेक चषकही त्याच दिवसांत संपतात. पाऊस आला की सगळं स्टेडियम बागेतल्या झाडांखाली धावतं. विजा होत असताना झाड ही सगळ्यात वाईट जागा, आणि वाऱ्यात फांदी पडते ती वेगळीच. निवेदकाने लोकांना पायऱ्यांखालच्या पॅसेजमध्ये जायला सांगायचं, झाडांकडे नाही. पाऊस थांबला की लॉनला दोरी. त्या दिवसापुरतं लॉन संपलं.

आम्ही पोरांना सांगितलं तर पोरं ऐकत्यात का?

शिट्टी वाजवली तर नाही ऐकत. आम्ही पहिल्या वर्षी पिवळी जाकिटं घालून शिट्ट्या मारल्या. पोरांनी आमच्या शिट्टीवर रेड मारल्या, “कबड्डी कबड्डी” करत लॉनवरून आरपार.

ऐकतात ती निवेदकाचं. आपल्याकडे कुस्तीच्या मैदानात हलगीवाला आणि निवेदक हे दोघेच गर्दीचे खरे मालक. पैलवान कुठल्या तालमीचा, त्याचा आजा कुणाशी लढला, हे सगळं तोंडपाठ असणारा माणूस माइकवरून म्हणाला की “मंडळी, बाहेर पडताना मोठ्या फाटकानं पडा, लॉन आपलंच हाय,” तर हजार माणसं वळतात. आम्ही आता सामन्याआधी निवेदकाला गाठतो, चहा पाजतो आणि तीन वाक्यं लिहिलेली चिठ्ठी देतो. ती शेवटच्या पाच मिनिटांत वाचायची असते, आधी नाही. आधी वाचलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. सगळ्या उपायांत हा एकच उपाय फुकट आहे आणि सगळ्यात चालणाराही तोच.

सामन्याच्या दिवशी आमच्या आजोबांनी फिरायला यावं का?

सकाळी नक्की. संध्याकाळी पाचच्या आत घरी. सामना सुटायच्या आधी अर्धा तास आणि नंतरचा अर्धा तास बागेत थांबू नये, काठी असेल तर अजिबात नाही.

तुम्ही सकाळवाले फार शहाणे. तुमच्यामुळे बागेचं काही होत नाही वाटतं?

होतं. कबुतरांना ज्वारी टाकून आम्हीच बाकं घाण केली आहेत. पायवाट सोडून लॉनच्या कडेनं चालून आम्हीच तिथं टक्कल पाडलंय, आणि ते रोजचं आहे, वर्षातून सात दिवसांचं नाही. हास्यक्लबचा आवाज 55 डेसिबलमध्ये बसतो का हे कुणी मोजलेलं नाही, मोजूही नये. हा प्रश्न एका कबड्डीपटूने विचारला होता. त्याला आम्ही पुढच्या रविवारी झाडलोटीला बोलावलं. तो आला, चार मित्र घेऊन. आमच्यातले दोघेच आले होते.

परवानगी नक्की कोण देतं? सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

मैदान ज्याच्या ताब्यात तो मैदान देतो. गर्दी, रस्ता आणि स्पीकर पोलिसांकडे. बाग आणि कचरा महापालिकेकडे, पण त्यातही उद्यान वेगळं आणि आरोग्य वेगळं. या चौघांच्या कागदांवर बागेचा एकत्रित उल्लेख कुठंच नसतो, कारण सामना बागेत नाही ना! आमची मागणी एवढीच की स्टेडियमच्या परवानगीची एक प्रत उद्यान विभागाला आठ दिवस आधी जावी. माळीमामांचं पाणी त्या एका कागदाने बंद होईल. परवानगीत कोणत्या अटी घातल्या हे माहिती अधिकारात मागता येतं, उत्तराची मुदत 30 दिवस. म्हणजे सामना होऊन जातो, पण पुढच्या सामन्याला तो कागद कामाला येतो.

मोठ्या फाटकाची किल्ली कुणाकडे असते?

गेल्या हंगामातल्या फायनलला हाच प्रश्न आम्ही अर्धा तास विचारत होतो. परवानगी होती, फाटक उघडायचं ठरलं होतं, पोलीसही उभे होते. किल्ली ज्याच्याकडे होती तो सामना बघायला आत गेला होता आणि त्याचा फोन ढोलाच्या आवाजात वाजत राहिला. शेवटी गर्दी फिरत्या गेटातून आणि मेंदीवरून गेली. मेंदी अजून पुरती फुटलेली नाही.

आता किल्ल्या तीन आहेत. एक चौकीत खिळ्याला, एक उद्यान विभागात, आणि तिसरी कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे, साखरेच्या डब्यामागे. तो सामना बघायला जात नाही. त्या दिवशी त्याला उसंतच नसते.